ताराजवळचा गुरू

१

वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौकात रूपराव किराणेवाल्याइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि हे कोणी तोंडावर सांगितलं तर ते खूशच व्हायचे. ठोकवाल्याकडून आलेलं पोतं ते आपल्या काट्यावर पुन्हा मोजून घ्यायचे. गिऱ्हाइकाची नोट उन्हात धरून पाहायचे. पुजाऱ्यानं प्रसादाचा मोठा तुकडा हातावर ठेवला, तर याचं माझ्याकडे काय काम निघालं असेल, हाच विचार आधी. अशा माणसानं आयुष्यात एकदाच एक माल न मोजता, न पारखता घरात घेतला. त्याची ही गोष्ट.

दोन हजार सालचा उन्हाळा होता. दुपारी हायवेवरचं डांबर पाघळायचं, ट्रकवाले लिंबाखाली आडवे व्हायचे आणि दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही. रूपराव दारातल्या हरभऱ्याच्या पोत्याशेजारी खुर्ची टाकून रेडिओ लावून बसायचे. डोक्यात एकच घोर होता, लेकीचा.

तारा एकुलती एक. बी.ए. झालेली, हसली की शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं, आणि बापाला उलटं बोलायची तर ती एकटीच. रूपरावांचा जगात कोणावर विश्वास असेल तर तो तिच्यावर होता. सेवाग्रामचा नीलेश तिला सांगून आला होता. दवाखान्यात कायमची नोकरी, घरचे लोक सरळ, पोरगी त्यांना पसंत, पोरीला पोरगा पसंत. घोडं अडलं ते गुरुबळावर. गावच्या जोतिषी ओमप्रकाश महाराजांनी पत्रिका उलटीपालटी करून सांगितलं की पोरीला यंदा गुरुबळ नाही. आकाशातला गुरू सावकाश चालणारा ग्रह, एकेका घरात वर्ष काढतो, पुढच्या वर्षी बघू. नीलेशची आई म्हणाली, आम्ही वर्षभर थांबू शकत नाही, आणि गुरुबळावाचून लग्नही करणार नाही. एवढं चांगलं स्थळ हातचं जाणार म्हणून रूपरावांच्या घशाखाली घास उतरेना.

त्या दुपारी रेडिओवर विज्ञानाचा कार्यक्रम लागला होता. कोणी एक शिकलेला माणूस सांगत होता की फार लांबच्या एका ताऱ्याजवळ आपल्या गुरूसारखाच एक अवाढव्य ग्रह सापडला आहे. नुसता वायूचा गोळा, भट्टीसारखा तापलेला. ताऱ्याच्या इतका जवळ की चार दिवसांत एक फेरी पुरी करतो. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. तिकडे कधी रात्र होत नाही आणि पाठीकडे कधी दिवस उगवत नाही. त्याला कोणी पाहिलेलं नाही. तारा जागच्या जागी किंचित डुलतो, त्यावरून कळतं की त्याच्याभोवती कोणीतरी फिरत आहे.

"आणि या ग्रहाचं शेवटी काय होतं, तर..." असं तो म्हणाला आणि चौकात अडकलेल्या ट्रकनं भोंगा असा धरला की पुढचं सगळं त्यात गेलं.

रूपरावांना पुढचं नकोच होतं. त्यांचं डोकं कामाला लागलं होतं. एका ठोकवाल्याचा माल बारा बारा महिने येत नसेल, तर दुकानदार काय करतो? दुसरा ठोकवाला धरतो. हा नवा गुरू तर चार दिवसांत फेरी मारतो. मग त्या सुस्त गुरूच्या पाया पडायचं कशाला?

२

पुढच्याच गुरुवारी त्यांनी कोणाला न विचारता परसातल्या केळीपुढं पूजा मांडली. गुरूला लागते ती हरभऱ्याची डाळ, भिजवून, हळद लावून, पितळेच्या ताटात. गुळाचा खडा. पाट. मंत्र येत नव्हते, म्हणून हात जोडून साध्या बोलीत म्हणाले, "हे ताराजवळच्या गुरू, आपल्या घरी या. पोरीचं काम करा."

मागं वच्छलाबाई, त्यांची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला हसू आलं. "अवो, ताऱ्याजवळच्या म्हणा नं. ताराजवळच्या काऊन म्हणून राह्यले? तारा तं आपली पोट्टी हाय."

"देवाले समजते," रूपराव म्हणाले. "तो का व्याकरण तपासून राह्यला?"

चार दिवसांनी सेवाग्रामहून निरोप आला. त्यांच्या ओळखीच्या जोतिष्यानं पुन्हा पत्रिका पाहिली आणि म्हणाला की इतकं गुरुबळ मी जन्मात पाहिलं नाही, आधी पाहणाऱ्याच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. सुपारी फोडायला कधी येऊ?

वच्छलाबाईनं देवापुढं साखर ठेवली. रूपरावांच्या मनाला मात्र काही बरं वाटेना. घासाघीस न करता कोणी भाव उतरवला की ते माल पुन्हा तपासायचे. ही तर देवाची गोष्ट, इथं काय तपासणार? ते परसात ताट उचलायला गेले. ताटातली बाहेरच्या अंगाची डाळ चार दिवस उलटूनही ओली होती, आताच भिजवल्यासारखी. घराच्या अंगाची भाजून खुटखुटीत झाली होती, फुटाण्यासारखी. मधून सरळ रेघ मारल्यासारखं.

उन्हानं झालं असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. पण ऊन अर्ध्या ताटावर पडत नाही, हे किराणा विकणाऱ्याला कोणी सांगायला नको.

घरात तारा तांदूळ निवडत बसली होती, आणि डुलत होती. अगदी थोडी. लहान पोरं पाठांतर करताना डुलतात ना, तशी.

"कायले डुलून राह्यली वो?" त्यांनी विचारलं.

"कोण डुलते?" ती म्हणाली, आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं.

३

माणूस आपल्या स्वभावाप्रमाणेच घाबरतो. रूपरावांना भूतबित सुचलं नाही. त्यांना पोट्टं सुचलं. कोणीतरी पोट्टं आपल्या घराभोवती चकरा मारून राह्यलं, आणि आपली पोरगी त्याच्या नादानं डुलते आहे. सुपारी फुटायच्या आधी असा काही बोभाटा झाला तर सेवाग्रामवाले दारात पाऊल ठेवणार नाहीत. त्यांनी चहाच्या टपरीवर कान लावला, पंक्चरवाल्याला आडून आडून विचारलं. सगळे हसले. रूपरावांच्या घराकडे बघायची कोणाची छाती आहे, म्हणाले.

आणि चकरांची खूण तर रोज दिसत होती. वच्छलाबाई सकाळी परसातलं अंगण शेणानं सारवायची. सगळं सारवण ओलं असताना त्यात एक हातभर रुंद पट्टा आपोआप वाळून पांढरा पडायचा, तडकायचा. सरळ नाही, वाकडा, घराला वळसा घालणारा. आधी चार दिवसांआड दिसायचा, केळीपाशी. मग दोन दिवसांआड, विहिरीच्या अलीकडे. मग रोज, न्हाणीच्या आतल्या अंगानं. चक्कर लहान झाली की पाळी लवकर येते, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही.

त्यांनी ताराला समोर बसवलं आणि शपथ घालून विचारलं. ती आधी हसली. मग तिनं मान खाली घातली, आणि एकुलत्या लेकीच्या तोंडून ते शब्द ऐकताना रूपरावांना मे महिन्यात थंडी वाजली.

"दिसत तं कोणी नाई, बाबा. पण कोणी पाहून राह्यलं, असं वाटते. मी इकडं फिरली तरी, तिकडं फिरली तरी. पापणी नाई लवत त्याची."

बोलताना ती डुलत होती. आता ते वच्छलाबाईलाही दिसत होतं.

४

दुसऱ्या दिवशी रूपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी दुकान बंद ठेवलं आणि न्हाणीच्या आडोशाला काठी घेऊन दबा धरून बसले. समोर मागच्या पडवीत तारा उडदाचे पापड लाटत होती. लाटलेले पापड तिनं पडवीबाहेर बाजेवर पसरले होते. शेजारच्या आनंदाबाईच्या घरातून मिक्सरचा आवाज येत होता. डोक्यावर ऊन असं की काठी हातात धरवत नव्हती.

उजेड जरासा उतरला. ढग आल्यावर उतरतो तेवढाच, पण आकाशात ढगाचं टिपूस नव्हतं. कावळे गप्प झाले. मिक्सर बंद पडला. रूपरावांच्या अंगावर सावली आली, आणि ती थंड होती. माठाला गाल लावल्यासारखी थंड. समोर मात्र ताराच्या तोंडावर चुलीपुढं बसल्यासारखा लाल उजेड पडला. तिनं लाटणं ठेवलं. तिची मान हळूहळू फिरू लागली, डावीकडून उजवीकडे, जाणाऱ्या माणसाकडे पाहावं तशी. हवेत भाजल्या हरभऱ्याचा वास आला. बाजेवरचे पापड एकामागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपोआप फुलले, वळले, करपले.

"कोण हाय रे?" म्हणून रूपराव ओरडले आणि काठी फेकली. ती अंगणात पडली, कोणाला लागली नाही.

उजेड परत आला. तारा डोळे मिटून डुलत होती. रूपराव उठले. त्यांना काहीच दिसलं नव्हतं, हे ते देवाशपथ सांगायला तयार होते. पण एवढा वेळ काहीतरी त्यांच्या समोरून जात होतं, आणि त्यांच्याकडे त्याची पाठ होती, हेही त्यांना तितकंच ठाऊक होतं. एकच बाजू कायम ताऱ्याकडे, असं रेडिओवाला म्हणाला होता. रूपरावांनी ती आठवण झटकून टाकली. उष्णतेनं डोकं फिरलं आपलं, पित्त झालं, असं त्यांनी वच्छलाबाईला सांगितलं आणि कांद्याचा रस मागितला.

५

मग त्यांनी व्यापाऱ्याचा उपाय केला. या गोदामात घूस लागली तर माल दुसऱ्या गोदामात हलवायचा. ताराला तिच्या मामाकडे, पवनारला पोचवलं. तानबामामाची धाम नदीच्या काठी वांग्याची वाडी होती, माणूस खमक्या, मळ्यात दोन कुत्री.

ती गेली त्या दिवसापासून जामच्या अंगणातलं सारवण सगळीकडून सारखं वाळायला लागलं. केळीपुढं नव्यानं ठेवलेल्या डाळीतही मधली रेघ दिसेना. रूपराव रात्री घोरले. संशय खरा होता, म्हणाले, घराभोवतीच होतं ते, पोरीचा काही दोष नाही.

दोन दिवसांत दुकानासमोरच्या एसटीडीवर तानबामामाचा फोन आला. तो हळू बोलत होता, आणि तानबा हळू बोलणारा माणूस नव्हे.

"भाऊजी, माह्या वांग्याची एक ओळ जळाली. सरळ नाई, गोल. घराभोवती. कुत्रे बाजेखालून निघत नाईत. तुम्ही पोट्टीले घेऊन जा. रागावू नका, पण घेऊन जा."

ते घराभोवती फिरत नव्हतं.

६

ताराला आणून ते तिला तसंच आईजवळ सोडून ओमप्रकाश महाराजांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. रेडिओ, दुसरा ठोकवाला, केळीपुढचं बोलणं. महाराज आधी चिडले, मग हसले, मग त्यांनी विचारलं की केळीपुढं नेमकं काय म्हणालात, शब्दाला शब्द सांगा. रूपरावांनी सांगितलं. महाराजांचं हसू ओसरलं. पंचांगाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत त्यांनी विचारलं,

"पोरीचं नाव कोणं ठेवलं होतं?"

"माह्या मायनं. काऊन?"

"गुरूच्या घरचंच नाव ठेवलं तुम्ही. पुराणात त्याच्या बायकोचं हेच नाव हाय." मग ते घाईनं म्हणाले, "हे पाहा रूपराव, मी आपल्या गुरूचं सांगू शकतो. तो माणसाळलेला हाय, त्याले आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून राह्यले. हा कोण हाय, मले काय माहीत? तुम्ही बोलावलं, तुम्हीच बोळवण करा. जिथून आला तिथं परत जा, म्हणा. फक्त या खेपेले शब्द नीट बोला."

दक्षिणा त्यांनी घेतली नाही. दक्षिणा न घेणारा जोतिषी रूपरावांनी आजवर पाहिला नव्हता.

घरी तारा आता पाळण्यासारखी डुलत होती. जेवताना घास तोंडाशी नीट जात नव्हता, आई भरवत होती. वळसा आता घरात आला होता. माजघराच्या भिंतीचा चुना छातीच्या उंचीवर पट्टा धरून सुटला होता. रूपराव लेकीजवळ बसले आणि चारचौघांत कधी बोलले नसते ते बोलले. लग्न गेलं चुलीत, म्हणाले, तू मले पाह्यजे. तिनं त्यांचा हात धरला. डुलता डुलता त्यांचा हातही डुलू लागला.

७

सेवाग्रामचे पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी सुपारी फोडायला येणार होते. त्यांना नको म्हणून कळवायलाही वेळ उरला नव्हता. सकाळी आंघोळ करून रूपराव केळीपुढं उभे राहिले. रात्रभर त्यांनी तो शब्द घोकला होता. ताऱ्याजवळ. ताऱ्याजवळ. शाळेत मास्तरनं छड्या मारल्या तरी त्यांनी इतकं पाठ केलं नव्हतं.

सावली घरातूनच आली. मागच्या दारातून गारवा बाहेर झिरपला आणि त्यांच्या पायांशी थांबला. पाठमोरा. त्यांना रडू यायला लागलं, पण जीभ त्यांनी सांभाळली.

"महाराज, माही चूक झाली. बोलावलं ते चुकून बोलावलं. तुम्ही परत जा. आपल्या ताऱ्याजवळ जा."

शब्द बरोबर आला. एकेक अक्षर बरोबर. गारवा क्षणभर जागच्या जागी राहिला, आजवर तो कधी थांबला नव्हता, आणि मग एकदम सरला. ऊन धपकन अंगावर पडलं. कावळे ओरडायला लागले. आतून वच्छलाबाईची हाक आली, "अवो, लवकर या!"

ते धावत गेले. तारा माजघरात मधोमध उभी होती. डुलत नव्हती. ताठ, स्वस्थ, केस विंचरत होती. वच्छलाबाई पदरानं डोळे पुसत होती. रूपरावांनी तिथंच भुईवर बसकण मारली आणि लहान पोरासारखे हुंदके दिले.

पाहुणे आले. ताराच्या हातातल्या ट्रेमधला एकही पेला हलला नाही. नीलेशच्या आईनं कुंकू लावताना फक्त एवढं म्हटलं की पोरीचं अंग जरा ऊन लागते, उन्हाळा बाधला असन, धन्याचं पाणी देत जा. सुपारी फुटली. पेढे वाटले.

८

पाहुण्यांना वर्ध्याच्या गाडीत बसवून रूपराव हलक्या पायानं दुकानात आले. उरलेले पेढे त्यांनी पंक्चरवाल्याला दिले, टपरीवाल्याला दिले, कोणाच्या हातावर किती ठेवले ते मोजले नाही. खुर्ची पोत्याशेजारी ओढली, रेडिओ लावला. तोच कार्यक्रम होता, ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची पाळी होती. हिंगणघाटच्या कोण्या मास्तरनं विचारलं होतं की त्या तापलेल्या गुरूचं शेवटी काय होतं, मागच्या वेळी नीट ऐकू आलं नाही.

रूपराव मनातल्या मनात म्हणाले, आता काही का होईना, गेला तो आपल्या ताऱ्याजवळ.

आपल्या. त्याच्या स्वतःच्या. आणि इतके दिवस तो फिरत कोणाभोवती होता? त्यांचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच राहिला.

"असे ग्रह फेरी लहान लहान करत जवळ येत राहतात," शिकलेला माणूस सांगत होता, "आणि शेवटी काही ताऱ्यातच मिसळून जातात. मग फिरणारं वेगळं कोणी उरत नाही. तारा डुलायचा थांबतो."

चौकात आज एकही भोंगा वाजत नव्हता. उजेड जरासा उतरला. रूपरावांनी आकाशाकडे पाहिलं नाही. रस्ता ओलांडून तारा येत होती, हातात बापाचा चहाचा थर्मास, पाऊल सरळ, नजर त्यांच्यावर रोखलेली. ती पायरीशी येऊन उभी राहिली. हसली, पण हसण्याचा आवाज आला नाही. त्यांच्या तोंडावर झळ लागली.

"बाबा," ती म्हणाली.

तिची पापणी लवते का, हे रूपराव पाहत बसले. दाराशेजारच्या पोत्यात, तिच्या बाजूचे हरभरे एकेक करून तडतडायला लागले.